पहिली छाप आणि मुलाची खरी पारख

जून महिन्यात शाळा उघडते, हजेरीपटावर नवी नावे चढतात आणि पहिल्या आठ-पंधरा दिवसांतच वर्गातील बहुतेक मुलांविषयी शिक्षकाच्या मनात काही ना काही मत तयार होते. हा मुलगा चुणचुणीत आहे, तो मंद आहे, ही मुलगी बुजरी आहे, हा अमक्याचा धाकटा भाऊ आहे तेव्हा त्याच वळणावर जाणार, अशी ही मते असतात. ती कोणी मुद्दाम ठरवीत नाही. द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत सांभाळणाऱ्या शिक्षकाला प्रत्येक मुलाची ओळख मनाशी पक्की करावीच लागते, आणि त्या ओळखीसाठी जे प्रथम डोळ्यांना दिसते व कानांवर पडते त्याचाच आधार तो घेतो. हा मनुष्यस्वभावच आहे. परंतु जूनमध्ये झालेले मत पुढच्या एप्रिलपर्यंत जसेच्या तसे राहिले आणि त्या मताप्रमाणेच मुलाला शिकविण्याची रीत ठरत गेली, तर मुलाच्या शिक्षणाचे नुकसान होते. हे नुकसान कसे होते, किती होते आणि ते टाळण्यासाठी वर्गात काय करता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन निरनिराळ्या गोष्टी

येथे दोन गोष्टींचा फरक प्रथम ध्यानात घ्यावयास हवा. पहिली गोष्ट म्हणजे पहिली छाप. ती एका मुलापुरती असते. मूल पहिल्या दिवशी कसे बोलले, त्याचा गणवेश कसा होता, पाटीवर अक्षर कसे काढले, यावरून ती पडते. दुसरी गोष्ट म्हणजे ठरीव समज. तो एका मुलापुरता नसतो; तो मुलाच्या जातीविषयी, वस्तीविषयी, आईबापांच्या धंद्याविषयी, बोलीविषयी किंवा ते मूल मुलगी आहे यावरून अगोदरच बांधलेला असतो. मूल वर्गात येण्यापूर्वीच हा समज वर्गात येऊन बसलेला असतो. प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टी एकमेकींना हात देतात. ठरीव समज असला की पहिली छाप त्याच रंगात रंगते, आणि पहिली छाप तशी पडली की "पाहा, म्हटले होते तसेच निघाले" असे म्हणून ठरीव समज आणखी घट्ट होतो.

यात आणखी एका प्रवृत्तीची भर पडते. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली असे दाखवून दिले की, सैन्यातील अधिकारी आपल्या हाताखालील माणसांच्या शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य या गुणांना वेगवेगळे गुणांक देऊ लागले, तेव्हा एका गुणात वर गेलेला माणूस सर्वच गुणांत वर गेला. म्हणजे अधिकारी गुण वेगवेगळे तोलीत नव्हते; एकंदर माणूस आवडला की नावडला, तेवढेच ते नोंदवीत होते. शाळेत याचे रूप नित्याचे आहे. ज्याचे अक्षर मोत्यासारखे, त्याचे गणितही चांगले असणार असे वाटते. जो वर्गात चुळबुळ करतो, त्याला पाढे येत असले तरी ते येत असतील असे वाटत नाही.

संगमनेर तालुक्यातील वर्गखोली

हा विषय पुस्तकी नाही, हे पाहण्यासाठी अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेर तालुक्याचेच उदाहरण घ्यावे. प्रवरा आणि म्हाळुंगी या नद्यांच्या संगमावर वसलेले हे गाव पुणे-नाशिक मार्गावरचे मोठे बाजारपेठेचे ठिकाण आहे. नदीकाठी उसाचे मळे आणि सहकारी साखर कारखाना आहे. घारगाव-साकूरकडे पठार भाग कोरडा आहे. पश्चिमेस अकोले तालुक्याच्या डोंगराळ मुलखात महादेव कोळी व ठाकर समाजाच्या वस्त्या आहेत. शहरात विडीचा धंदा फार जुना आहे. एकाच तालुक्यात इतक्या परीचे जीवन असल्यामुळे येथील शिक्षकाच्या पुढे अनेक परींची मुले येतात, आणि प्रत्येक परीबरोबर एक ठरीव समजही येतो.

समजा, एक मुलगी रोज पहिल्या तासाला पेंगते. आळशी आहे, असे मत होते. परंतु पहाटे उठून गाईंच्या धारांना हात लावावयाचा, शेणगोठा करावयाचा आणि दुधाचा कॅन संकलन केंद्रावर पोचवून मग शाळेत यावयाचे, हा तिचा दिनक्रम शिक्षकास ठाऊक नसतो. समजा, दुसऱ्या एका मुलीचा गृहपाठ नेहमी अपुरा असतो. आई घरी विड्या वळते आणि संध्याकाळी मुलगी पाने कापून व विड्यांची तोंडे मुडपून आईस हातभार लावते, हे कळेपर्यंत तिच्यावर निष्काळजीपणाचा शिक्का बसलेला असतो. समजा, एक मुलगा दिवाळीनंतर वर्गात येतो आणि गाळप हंगाम संपताच निघून जातो. ऊसतोडणी कामगाराच्या अशा मुलाला अनेक वेळा मागच्या ओळीत जागा मिळते, कारण "हा राहणार थोडाच" असा समज असतो. वस्तुतः या मुलाला गाडीत किती मोळ्या बसल्या, वजन किती भरले, उचल किती फिटली, याचा हिशेब ऐकून ऐकून तोंडपाठ असू शकतो. त्याचे गणित पाटीवर उतरलेले नसते, एवढेच.

बोलीविषयीचा समज तर सर्वांत खोल गेलेला आहे. मूल "पाणी"ऐवजी "पानी" म्हणते, "होते"ऐवजी "व्हतं" म्हणते, आणि तेवढ्यावरून त्याची बुद्धी तोलली जाते. परंतु जो मुलगा सर्वत्र "ण"च्या जागी "न" उच्चारतो, तो चुकत नसतो. तो आपल्या घरच्या बोलीचा नियम काटेकोरपणे पाळीत असतो. नियम पाळता येणे हे बुद्धीचेच लक्षण होय. प्रमाण भाषा त्याला शिकवावयाची आहे यात शंका नाही. परंतु ती शिकवावयाची आहे याचाच अर्थ ती त्याला आधीपासून येत असावी अशी अपेक्षा धरता येत नाही.

नाव आणि संगत यांवरून माणसाला ओळखण्याची रीत जुनी आहे. संगमनेरचेच सुप्रसिद्ध शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) यांचे मूळ आडनाव घोलप. मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्यांचा स्नेह होता, त्यावरून लोक त्यांनाही फंदी म्हणू लागले, असे सांगितले जाते. घोलप हे आडनाव आज थोड्यांना ठाऊक आहे. संगतीवरून पडलेले नाव मात्र दोनशे वर्षे टिकले. अनंत फंदींनी त्या नावाला प्रतिष्ठा मिळवून दिली. शाळेत पडलेल्या नावाचे ओझे मात्र प्रत्येक मुलाला असे पेलता येत नाही.

महाराष्ट्राचा अनुभव

ठरीव समज केवळ मनात राहिला तर त्याचा उपद्रव मर्यादित असतो. तो व्यवस्थेत उतरला की त्याचे रूप किती कठोर होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्यास इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे आणि तहान लागली तरी शिपायाने नळ उघडल्याखेरीज पाणी पिता येत नसे. ही हकीगत डॉ. आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवली आहे. मुलाची बुद्धी पाहून ही जागा ठरली नव्हती. ती त्याच्या जन्मावरून आधीच ठरली होती. त्याच विद्यार्थ्याने पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सर्वोच्च पदव्या मिळविल्या. परंतु या उदाहरणावरून "हुशार असेल तो कसाही वर येतो" असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. अशा गोणपाटांवर बसलेली आणि तेथूनच परत गेलेली मुले किती होती, याची मोजदाद कोणत्याही हजेरीपटात नाही.

दुसरे उदाहरण कायद्याचे आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविणारा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो रद्द झाला व त्या जमाती विमुक्त मानल्या गेल्या. कायदा गेला, तरी समज लगेच जात नाही. वर्गात एखाद्याची पेन्सिल हरवली की प्रथम कोणत्या मुलाच्या दप्तराकडे दृष्टी जाते, हे प्रत्येक शिक्षकाने स्वतःच्या मनाशी तपासून पाहण्यासारखे आहे. पारधी किंवा कैकाडी वस्तीवरील मूल अशा एका दृष्टिक्षेपाचा अर्थ कोणी न सांगता ओळखते.

याउलट, समज खोडून काढण्याचे कार्यही याच महाराष्ट्रात झाले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये चालविले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. आज तो पालघर जिल्ह्यात आहे. आदिवासी मुलांना शिक्षणाची आवडच नाही, असा त्या काळी सर्रास समज होता, कारण मुले शाळेत येत नसत. ताराबाई व अनुताई यांनी मुलांना दोष देण्याऐवजी ती येत का नाहीत हे पाहिले. मुले गुरे राखण्यास कुरणात जात. तेव्हा शाळाच कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हटले गेले. लहान मुलांसाठी शाळा वस्तीतील अंगणात भरू लागली. तीच अंगणवाडी होय. मुलांचा स्वभाव बदलावा लागला नाही. शाळेची जागा आणि वेळ बदलावी लागली.

समज खरा कसा होतो

शिक्षकाच्या मनातील मत मुलाच्या प्रगतीत कसे उतरते, यावर गेल्या साठ वर्षांत पुष्कळ संशोधन झाले आहे. १९६८ साली रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत पहिली ते सहावीच्या अठरा वर्गांत त्यांनी बुद्धिमापन चाचणी घेतली आणि शिक्षकांना सुमारे वीस टक्के मुलांची नावे देऊन सांगितले की, ही मुले यंदा झपाट्याने पुढे जातील. प्रत्यक्षात ती नावे चिठ्ठ्या टाकाव्या तशी निवडलेली होती. वर्षाच्या अखेरीस पहिली-दुसरीच्या वर्गांतील ही मुले इतरांपेक्षा खरोखर पुढे गेलेली आढळली. वरच्या वर्गांत मात्र तसा फरक दिसला नाही. या प्रयोगावर पुढे कडक टीका झाली, आणि लहान मुलांसाठी वापरलेली चाचणी पुरेशी विश्वसनीय नव्हती असे आक्षेप घेतले गेले. म्हणून एकट्या या प्रयोगावर विसंबणे योग्य नाही.

परंतु १९८४ साली स्टीफन रॉडेनबुश यांनी अशा अठरा प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला, आणि त्यात गावोगावच्या शिक्षकांच्या उपयोगाचा एक मुद्दा स्पष्ट झाला. शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून अधिक काळ ओळखत असल्यास बाहेरून सांगितलेल्या खोट्या भाकिताचा परिणाम जवळजवळ होत नाही. ओळख नवी असल्यास तो होतो. शिवाय हा परिणाम पहिली-दुसरीत, तसेच मुले नव्या शाळेत येतात अशा सातवीच्या वर्षी अधिक दिसला. याचा अर्थ असा की, मुलाची प्रत्यक्ष ओळख हाच ऐकीव मतावरील उतारा आहे, आणि धोक्याचा काळ म्हणजे वर्षारंभीचे पहिले दोन आठवडे होय.

हे पहिले दिवस किती निर्णायक ठरू शकतात, हे रे रिस्ट यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात दिसते. अमेरिकेतील सेंट लुइस शहरात कृष्णवर्णीय मुलांच्या एका शाळेत बालवर्गाच्या शिक्षिकेने आठव्या दिवशी मुलांना तीन टेबलांवर कायमच्या जागा दिल्या. कोणतीही परीक्षा झालेली नव्हती. स्वच्छ कपड्यांची, शिक्षिकेशी मोकळेपणी व प्रमाण भाषेत बोलणारी, सुस्थितीतील घरची मुले पहिल्या टेबलावर बसली. शिक्षिकेचे लक्ष बहुतेक त्याच टेबलाकडे राहिले. पुढच्या वर्षीही विभागणी बहुतांशी तशीच राहिली, आणि दुसरीत गेल्यावर गटांना नावे पडली, त्यांत तळाच्या गटाचे नाव होते "विदूषक". ही शिक्षिका स्वतः कृष्णवर्णीयच होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तसाच अनुभव भारतातील एका प्रयोगात आला. रेमा हन्ना आणि ली लिंडन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिक्षकांना उत्तरपत्रिका तपासण्यास दिल्या होत्या. पहिल्या पानावर मुलाची जात, लिंग व वय चिठ्ठ्यांनी ठरवून लिहिलेले होते, त्यामुळे त्याचा उत्तरांशी काहीच संबंध नव्हता. तरीही खालच्या मानल्या गेलेल्या जातीची नोंद असलेल्या उत्तरपत्रिकांना किंचित कमी गुण मिळाले. फरक लहान होता. पण तो होता. तो मुख्यतः त्याच जातिगटांतील शिक्षकांकडून झाला होता, आणि गठ्ठ्यातील आरंभीच्या उत्तरपत्रिका तपासताना तो अधिक होता. तेव्हा "मी त्याच समाजातला आहे, माझ्याकडून असे होणार नाही" असे कोणीही निश्चिंतपणे म्हणू नये.

मुलाच्या बाजूने काय घडते, हे कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांच्या उत्तर प्रदेशातील खेड्यांमधील प्रयोगाने दाखविले. सहावी-सातवीतील मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडविण्यास दिले. जात जाहीर केली नव्हती तेव्हा अनुसूचित जातीची मुले आणि उच्च मानल्या जाणाऱ्या जातींची मुले सारखीच ठरली. सर्वांसमक्ष नाव, गाव आणि जात वाचून दाखविल्यावर मात्र अनुसूचित जातीच्या मुलांची कामगिरी घसरली. मुलांची बुद्धी तीच, चक्रव्यूह तसेच. बदलली होती ती केवळ समोरच्यांनी आपल्याकडे कसे पाहिले असेल ही मुलाची जाणीव. शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी वर्गात उभे करून जात विचारण्याची पद्धत का त्याज्य आहे, ते यावरून कळते.

वर्गातील बारीक गोष्टी

हे सर्व कोणत्या वाटेने घडते? शिक्षक कोणाला मुद्दाम कमी शिकवीत नाही. फरक पडतो तो बारीक बारीक गोष्टींत. रोझेन्थाल यांनी त्यांचे चार प्रकार सांगितले आहेत: ज्याच्याकडून अपेक्षा आहे त्याच्याशी बोलण्यातला जिव्हाळा, त्याला दिला जाणारा अधिक व अवघड पाठ, त्याला बोलण्याची अधिक संधी, आणि त्याच्या उत्तरावर दिला जाणारा नेमका अभिप्राय. जेरे ब्रॉफी आणि टॉमस गुड यांनी १९७० साली पहिलीच्या चार वर्गांत पाहिले की, हुशार समजल्या गेलेल्या मुलाचे उत्तर अडले तर शिक्षक प्रश्न सोपा करून विचारतो, धागा देतो. मंद समजल्या गेलेल्या मुलाचे अडले तर पुढच्या मुलाकडे वळतो.

मेरी बड रो यांनी १९७४ साली यात वेळेचे माप घातले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबतात असे त्यांना आढळले. त्यातही वर्गातील वरच्या पाच मुलांसाठी ते जवळजवळ दोन सेकंद थांबत, आणि तळाच्या पाच मुलांसाठी एक सेकंदाहूनही थोडे कमी. ज्याला विचार करावयास अधिक वेळ हवा, त्यालाच निम्मा वेळ मिळत होता. हा थांबा तीन सेकंदांपर्यंत वाढविल्यावर उत्तरे लांब व सयुक्तिक होऊ लागली, "येत नाही" म्हणणारी मुले कमी झाली, आणि ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती अशी मुलेही बोलू लागली. अशी पाच-दहा संधी रोज हुकणाऱ्या मुलाचे वर्षाअखेरीस काय होत असेल, याचा हिशेब प्रत्येकाने करावा.

एक आक्षेप

यावर अनुभवी शिक्षक म्हणतील की, वीस वर्षे शाळेत काढलेल्या माणसाचा अंदाज सहसा चुकत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. ली जसिम आणि केंट हार्बर यांनी २००५ साली या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा शिक्षकांचे अंदाज पुष्कळदा बरोबर असतात आणि अपेक्षेमुळे होणारा परिणाम एकंदरीत लहान असतो, असेच त्यांना दिसले. परंतु त्याच आढाव्यात असेही दिसले की, ज्या समाजगटांविषयी आधीच हीन समज असतो, त्यांच्या मुलांवर हा परिणाम अधिक होतो. म्हणजे सुस्थितीतील घरच्या मुलाविषयी अंदाज चुकला तर फारसे बिघडत नाही, कारण त्याला सावरणारे घर असते. ज्याला शाळेवाचून दुसरा आधार नाही, त्याच्या बाबतीत चूक महाग पडते. शिवाय अंदाज बरोबर येतो तेव्हा तो मुळात बरोबर होता की त्या अंदाजाप्रमाणे शिकविल्यामुळे बरोबर ठरला, हे केवळ निकालपत्रक पाहून सांगता येत नाही.

करावयाच्या गोष्टी

पहिले मत होणारच नाही, असा प्रयत्न व्यर्थ आहे. मत बदलावयास वाट ठेवणे एवढे मात्र शक्य आहे. त्यासाठी पुढील गोष्टी खर्चावाचून व साधनांवाचून करता येण्यासारख्या आहेत.

१. वर्णनात्मक नोंदीत विशेषण न लिहिता घडलेली गोष्ट लिहावी. "लक्ष देत नाही" ही नोंद मुलाविषयी काही सांगत नाही. "फळ्यावरील दहा शब्द उतरविताना चार गाळले, तेच शब्द तोंडी सांगितल्यावर सर्व लिहिले" ही नोंद पुढचा मार्ग दाखविते. पहिल्या दोन आठवड्यांत तर केवळ अशाच नोंदी कराव्यात.

२. वरील उदाहरणातील मुलाला फळा दिसत नसण्याचा संभव आहे. "मठ्ठ" किंवा "दुर्लक्षी" वाटणाऱ्या मुलाचे डोळे व कान प्रथम तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा अशा मुलांची नावे आधीच काढून ठेवावीत. तोपर्यंत त्यांना पुढे बसवावे.

३. प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजेपर्यंत थांबावे, आणि उत्तर अडल्यास त्याच मुलाला दुसऱ्या शब्दांत तोच प्रश्न विचारावा. कोणाला विचारावयाचे ते नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून ठरवावे, म्हणजे ठराविक चार हातांवर वर्ग चालणार नाही.

४. उत्तरपत्रिका तपासताना नावाची बाजू दुमडून ठेवावी. सर्वांचा पहिला प्रश्न, मग सर्वांचा दुसरा, अशा क्रमाने तपासावे. आरंभीच्या पाच-सहा उत्तरपत्रिका शेवटी पुन्हा पाहाव्यात. परिसर अभ्यासाच्या उत्तरात समज किती आणि शुद्धलेखन किती, हे वेगवेगळे पाहावे.

५. बसण्याच्या जागा दर आठवड्याला बदलाव्यात. हुशारांची ओळ व मागासांची ओळ अशी विभागणी कायमची करू नये. वाचनाच्या सरावासाठी गट करावे लागतात. परंतु ते त्या कामापुरते असावेत आणि महिन्याने मोडून नव्याने करावेत.

६. महिन्यातून एकदा, हजेरीपट न पाहता, वर्गातील सर्व मुलांची नावे कागदावर लिहून पाहावीत. जी नावे शेवटी आठवतात किंवा आठवतच नाहीत, ती मुले हुशारही नसतात आणि खोडकरही नसतात. त्यांच्याविषयी कोणतेच मत झालेले नसते. दुसऱ्या दिवशी प्रथम त्यांच्याशी बोलावे.

७. पालकांकडे तक्रार घेऊन जाण्यापूर्वी एकदा केवळ माहिती घेण्यासाठी जावे. "ताई, पोरगी घरी काय काय करते? तिला कशात रमायला आवडतं?" एवढे विचारले तरी पुरे. धारा काढणारी, विड्या वळणाऱ्या आईला मदत करणारी, धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी काय काय जाणते, हे तेथेच कळते, आणि तिच्यासाठी गृहपाठाची वेळ कशी बसवावी तेही ठरविता येते.

८. हंगामी स्थलांतराने आलेल्या मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश देणे व आवश्यक ते विशेष प्रशिक्षण देणे, हे २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने बंधनकारक आहे. मूल चार महिन्यांसाठी आले असले तरी ते चार महिने पूर्ण मोलाचे समजावेत. जाताना त्याला काय येते याची स्वच्छ नोंद सोबत द्यावी, म्हणजे पुढच्या शाळेत पुन्हा पहिल्यापासून पारख होणार नाही.

९. पुढच्या वर्गशिक्षकाच्या हाती मुले सोपविताना त्याला मुलांची कामे दाखवावीत, आपली मते सांगू नयेत. "त्याच्यावर मेहनत घेऊ नका, काही उपयोग नाही" हे वाक्य एका शिक्षकाने दुसऱ्यास सहज सांगितलेले असते. मुलाच्या दृष्टीने मात्र ते पुढील सर्व वर्षांचे फर्मान ठरते.

उपरोक्त कायद्याच्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई आहे, आणि दुर्बल व वंचित घटकांतील बालकाविरुद्ध भेदभाव होणार नाही हे पाहण्याची जबाबदारी कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे ग्रामीण भागात प्रामुख्याने जिल्हा परिषदेवर, टाकली आहे. परंतु जिल्हा परिषद वर्गात बसू शकत नाही. तेथे तिच्या वतीने शिक्षकच असतो. मुलाला सर्वांसमक्ष "मठ्ठ" म्हणू नये, एवढ्यावर हे कर्तव्य संपत नाही. न बोलता दिलेला एक सेकंद आणि न बोलता दिलेले दोन सेकंद यांतला भेदही भेदभावच आहे, आणि तो कोणत्याही तपासणीत सापडत नाही. तो शिक्षकालाच शोधावा लागतो.

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडते, तेव्हा अशा तपासणीस योग्य वेळ असते. सहामाहीच्या नोंदी समोर असतात आणि वर्षाचा अर्धा भाग हाती उरलेला असतो. त्या आठवड्यात प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील अशी तीन मुले निवडावीत की ज्यांच्याविषयीचे मत जूनपासून मुळीच बदललेले नाही. त्या तिघांना पंधरा दिवस रोज एक प्रश्न विचारावा, पुरेसे थांबावे आणि ती काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवावे. पंधरा दिवसांनी ते टिपण आणि जूनमधील मत शेजारी ठेवून वाचावे. मत बरोबर ठरले तर मुलाला नेमके काय शिकवावयाचे ते कळलेले असेल. चुकीचे ठरले तर एका मुलाचे अर्धे वर्ष वाचलेले असेल.